आधी आरोप ठेवा

माझ्या अंगावर चप्पल आली ती आयुष्यात एकदाच, आणि ती फेकणारे माझेच लोक होते. परळ-लालबागचे, संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देऊन देऊन घसा बसलेले. मी कोर्टाच्या पायरीवर होतो. अंगात काळा कोट, काखेत फायली. चप्पल खांद्याला लागून खाली पडली आणि मी तिच्यावरून पाय टाकून पुढे गेलो. दिवाळीच्या अंकासाठी काहीतरी लिहाच, असा तगादा लागला तेव्हा ठरवलं की लिहायचं तर त्या चपलेबद्दलच लिहायचं. कुणाची माफी मागायला नव्हे हं. त्या दिवशी मी जे केलं ते उद्या पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा करीन.

मी सरकारी वकील होतो. हायकोर्टात झगे मिरवणारा नव्हे, दादरच्या बाजूच्या एका मॅजिस्ट्रेट कोर्टातला. खून-दरोडे आमच्याकडे फार वेळ थांबत नसत, ते वरच्या कोर्टात जात. आमच्या वाट्याला पाकीटमार, हातभट्टीवाले, नळावरच्या मारामाऱ्या. आमचं घर गिरगावातलं, आजोबांपासून सगळ्यांनी सरकारी कचेऱ्यांत केस पांढरे केलेले. त्यामुळे सरकारची चाकरी करणं वेगळं आणि सरकारपुढे शेपूट हलवणं वेगळं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

लोकांना वाटतं, सरकारी वकील म्हणजे माणसाला आत टाकायला बसवलेला माणूस. ते अर्धंच खरं. त्याच्या हातात आणखी एक गोष्ट असते, तिची कुणाला फारशी कल्पना नसते. चालू खटला तो मागे घेऊ शकतो. कोर्टाने संमती दिली पाहिजे, पण मागायची त्यानेच. काळाचौकीच्या एका गणपती मंडळातले दोन गट विसर्जनाच्या वेळी मूर्तीला हात कुणी लावायचा यावरून एकमेकांना बडवून आमच्याकडे आले. तारखा पडत गेल्या, आणि एके दिवशी फिर्यादी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा. आरोपीच्या भावाशी त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. म्हणाला, "साहेब, आता व्याह्यांना तुरुंगात कसं टाकू?" अशा वेळी कामाला यावं म्हणून ते कलम आहे. पेढे मी परत पाठवले आणि खटला मागे घेतला.

त्यात एक मेख आहे, ती आत्ताच सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. घर एक आणि बाहेर पडायची दारं दोन. कोर्टाने आरोपीवर रीतसर आरोप ठेवला, म्हणजे आमच्या भाषेत चार्ज लावला, त्याच्या आधी माघार घेतली तर आरोपी नुसता सुटतो. त्याला डिस्चार्ज म्हणायचं. म्हणजे, तूर्तास जा बाबा, पुढचं पुढे पाहू. चार्ज लावल्यानंतर माघार घेतली, तर मात्र तो निर्दोष सुटतो आणि त्याच गुन्ह्यासाठी त्याला पुन्हा उभं करता येत नाही. आरोपी घरी जातो तो दोन्ही दारांतून. त्यामुळे कुठल्या दारातून गेला, हे सहसा कुणी विचारत नाही.

चळवळीच्या दिवसांत आमच्या कोर्टाला जत्रेची कळा आली होती. मोर्चे, हरताळ, लाठीमार, गोळीबार, आणि मग गाड्या भरभरून माणसं. ती आरोपीच्या पिंजऱ्यात आणि मी त्यांच्याविरुद्ध उभा. मला काय मुंबई महाराष्ट्राबाहेर हवी होती? घरात बायको सकाळी प्रभातफेरीला जायची आणि मी दहाला कोर्टात. एकदा जेवताना ती म्हणाली, "आज मी घोषणा देताना पकडली गेले असते तर?" मी म्हटलं, "तर तुझ्याविरुद्ध उभा राहिलो असतो आणि संध्याकाळी जामीन द्यायला आलो असतो." तिने माझ्या पानात भात जरा जोरातच वाढला.

या खटल्यांत समोरच्या बाजूला बहुधा वसंता असे. वसंता माझा शाळेपासूनचा मित्र, एकाच गल्लीतला. तो चळवळीतल्या लोकांचे खटले फुकट लढवायचा. मी राजीनामा देऊन त्याच्या बाजूला येत नाही म्हणून त्याने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. कोर्टात "माझे विद्वान मित्र" म्हणायचा आणि बाहेर मान फिरवायचा. मला त्याचं फार लागायचं. पण मी गेलो असतो तर त्या खुर्चीत दुसरा कुणी बसला असता, आणि तो कसा निघाला असता कोण जाणे. मी निदान मला तरी ओळखत होतो.

त्या गर्दीतच भागीरथी परब आली. करी रोडच्या चाळीत राहणारी, मूळची मालवणकडची, विधवा. एका कापड गिरणीत वायंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामाला, होती आणि दोन मुली गावी सासूजवळ. हरताळाच्या दिवसांत करी रोडला तिने मोहिते नावाच्या हवालदाराला दगड मारून जखमी केलं, असा तिच्यावर आरोप होता. दंगल आणि सरकारी नोकराला इजा, म्हणजे साधी गोष्ट नव्हे. मुद्देमाल म्हणून एक दगड चिठ्ठी लावून ठेवला होता.

मी मोहितेंना विचारलं, "एवढ्या बायकांच्या गर्दीत ही बाई तुम्ही ओळखलीत कशी?"

मोहिते साताऱ्याकडचा आडव्या अंगाचा गडी, पण तो खाली बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "नाव होतं साहेब."

"दगडावर?"

"दगड नव्हता. जेवणाचा डबा होता, पितळी. त्यावर नवऱ्याचं नाव घातलेलं. त्या नावावरनं चाळ काढली."

आपल्याकडे भांडं घेतलं की आधी त्यावर नाव घालून घेतात, म्हणजे शेजारणीकडे गेलं तरी परत येतं. त्या नावाने बाई पकडून दिली. पण बाईमाणसाने जेवणाच्या डब्याने डोकं फोडलं असं लिहून दिलं असतं, तर मोहितेंना चौकीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. म्हणून कागदावर डब्याचा दगड झाला. पुढे, वसंता पुन्हा बोलायला लागल्यावर, त्याच्याकडून कळलं की त्या दिवशी ती मोर्चातही नव्हती. पाळी सुटून घरी येत होती. चाळीच्या ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यावर मोहिते लाठी चालवत होते, ते तिने पाहिलं आणि हातातलं होतं ते फेकलं. त्या म्हाताऱ्याची फिर्याद कुणी लिहून घेतली नाही. ती फाईल माझ्यापुढे कधी आलीच नाही, याचा मला आजही संताप आहे.

भागीरथीबरोबरचे दोन आरोपी कोकणात पळाले आणि त्यांची वाट बघत केस नुसती लोंबकळत राहिली. चार्ज लागेना की निकाल लागेना. गिरणीने तिला पहिल्याच दिवशी घरी बसवलं होतं. ती एका खानावळीत चपात्या लाटायची, दर तारखेला यायची, पिंजऱ्यात उभी राहून माझ्याकडे रोखून बघायची आणि जायची. एकदा व्हरांड्यात मला आडवी आली. "सायबानू, माझो डबो खंय आसा?" मी म्हटलं, "बाई, तुमच्या वकिलाला विचारा." "तेका ठावक नाय. तुमका आसतला." मी निघून आलो. आरोपीशी परस्पर बोलायची मला मुभा नव्हती.

मग राज्य होणार हे नक्की झालं. गिरगावात आधीच फटाके फुटायला लागले, आणि वरून हुकूम आला की चळवळीचे खटले मागे घ्या. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आमच्या कोर्टातल्या बाकीच्या खटल्यांत चार्ज कधीच लागले होते, ते लोक निर्दोष सुटले. भागीरथीची तेवढी राहिली.

तिची तारीख यायच्या आधी डिलाईल रोडचा एक साचेवाला, म्हणजे गिरणीतला मागावरचा कामगार, आमच्याकडे आला. त्याचा खटला दुसऱ्या कोर्टात होता, तिथे चार्ज लागायच्या आधीच माघार घेतली गेली होती. लोकांनी त्याला हार घालून गिरणीच्या गेटपर्यंत वाजतगाजत नेलं. हार गळ्यात तसाच होता, सुकलेला. तो विचारत होता, "साहेब, मला निर्दोष असा कागद कुठं मिळंल?" गिरणीच्या लेबर ऑफिसरने कोर्टाचा कागद वाचून सांगितलं होतं, यात तुला सोडून दिलंय, निर्दोष कुठे म्हटलंय? उद्या पुन्हा खटला झाला तर? आमचा नियम आहे, निर्दोष सुटून येईल त्यालाच कामावर घेऊ. मी त्याचा कागद पाहिला. डिस्चार्ज. त्या कागदावर मला काहीही करता येत नव्हतं. तो माणूस पुढे गावी निघून गेला असं ऐकलं. अशी आणखी किती माणसं हार घालून गेटवरून परत फिरली असतील, देव जाणे. त्यांचं मला वाईट वाटतं.

भागीरथीची गिरणी तीच होती.

तारखेच्या दिवशी सकाळी फोर्टातल्या कचेरीतून आमच्या वरिष्ठांचा फोन. "ती करी रोडची केस अजून कशी राहिली? आज कोर्ट बसल्याबरोबर माघारीचा अर्ज द्या."

मी म्हटलं, "आधी चार्ज लावून घेतो, मग देतो."

ते उसळले. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? सरकार खटले मागे घेतंय आणि तुम्ही नवे आरोप ठेवणार? उद्या पेपरात काय येईल?"

मी त्यांना गिरणीचं सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "गिरणीचं गिरणी बघेल. आपण सरकारचे नोकर आहोत."

"पगार सरकारचा घेतो साहेब. पण कलमात सरकार हा शब्द नाही, सरकारी वकील हा आहे. माघार घ्या म्हणालात, घेतो. कधी घ्यायची ते मी ठरवणार, सही माझी आहे."

"परिणाम माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आता कुणी विचारील, वसंताला बाजूला घेऊन का नाही सांगितलं? एक तर तो माझ्याशी बोलत नव्हता. दुसरं म्हणजे, आधी बभ्रा झाला असता तर मॅजिस्ट्रेटनी विचारलं असतं की माघारच घ्यायची आहे तर आरोप कशाला ठेवू? आणि त्यांचं चुकलं नसतं. म्हणून माघारीचा अर्ज लिहून खिशात ठेवला आणि तोंडाला कुलूप घातलं.

कोर्टात ही गर्दी. करी रोडची अख्खी चाळ लोटली होती, बायकांच्या हातात हार, एकीकडे आरतीचं ताट. पुकारा झाला. वसंता हसत उठला, म्हणाला, "माझ्या विद्वान मित्रांना काहीतरी निवेदन करायचं असेल."

मी उठलो. "फरारी आरोपींपासून या आरोपीची केस वेगळी करावी आणि तिच्यावर आरोप ठेवावा, अशी विनंती आहे."

मागे एकदम कालवा झाला. वसंताचा चेहरा लालबुंद. "हा सूड आहे," तो म्हणाला. "सगळ्यांचे खटले मागे घेतले आणि एका विधवा बाईवर आरोप? लाज वाटायला हवी." मागून कुणीतरी "गद्दार" म्हणालं, मग अनेकजण. मी कागदांकडे बघत उभा राहिलो.

मॅजिस्ट्रेट पारशी होते, म्हातारे, संधिवाताने कायम कावलेले. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं, कागद वाचले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि आरोप ठेवला. मग तो तिला समजावून सांगितला गेला. दंगलीत सामील होऊन तू हवालदार मोहितेंना दगड मारलास.

मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "बोल बाई, गुन्हा कबूल हाय तुला?"

आणि तेव्हा मला माझ्या हिशेबातली चूक दिसली. आमच्या कोर्टात या प्रश्नाला कुणीही 'नाही' म्हणतो, चोरीचं घड्याळ मनगटावर असलं तरी. मी तेच धरून चाललो होतो. पण ही बाई तसली नव्हती, हे मला तारखातारखांना दिसलं होतं. हिने ताठ मानेने 'होय' म्हटलं असतं तर तिथल्या तिथे शिक्षा. मग माझ्या खिशातला अर्ज चुलीत घालायच्या लायकीचा.

भागीरथीने पदर खोचला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या मुद्देमालाच्या दगडाकडे.

"दगड? मी दगड मारूक नाय."

मॅजिस्ट्रेटनी लिहायला सुरुवात केली.

"डबो मारलंय," ती म्हणाली.

वसंताने डोळे मिटले. मोहिते दाराशी उभे होते, त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मॅजिस्ट्रेटचं पेन थांबलं. त्यांनी तिला विचारलं, "मी काय विचारला तुला? दगड मारला काय?"

"नाय म्हणून सांगतंय मां."

"बस. त्याचा जवाब आला," असं म्हणून त्यांनी लिहिलं, आरोपीला गुन्हा कबूल नाही. पुढचं त्यांनी लिहिलं नाही. डब्याबद्दल त्यांच्यापुढे कुणी आरोपच केला नव्हता.

शाई वाळायच्या आत मी उठलो आणि खिशातला अर्ज पुढे केला. फिर्याद पक्ष खटला मागे घेत आहे, संमती मिळावी. मॅजिस्ट्रेटनी तो वाचला, खाली घातलेली सकाळची वेळ आणि माझी सही पाहिली.

"प्रॉसिक्युटर, हा कागद सकाळपासून खिशात होता काय?"

"होय सर."

"असा," ते म्हणाले. चेहऱ्यावर काहीच नाही. थोडा वेळ त्यांनी गुडघा चोळला, मग संमती लिहिली, आणि त्याखाली, आरोपी निर्दोष मुक्त.

वसंताच्या ध्यानात आलं ते तेव्हा. तो जागेवरच बसला. मग इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मला अरे-तुरे करत म्हणाला, "अरे, सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं असतं तर तुला इतकं खरं चिडता आलं नसतं," मी म्हटलं.

तो नि भागीरथी निकालाची नक्कल मागायला आत थांबले आणि मी बाहेर पडलो. बाहेरच्या लोकांपर्यंत फक्त पहिली बातमी पोचली होती, सरकारी वकिलाने बाईवर आरोप ठेवला. चप्पल आली ती तेव्हा. पायरीवर थांबून दोन शब्दांत सगळं सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. मला माझं काम माहीत होतं, त्याची पावती मला रस्त्यावर मागायची नव्हती. आमच्या इमारतीतही महिनाभर कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं, राज्याच्या आनंदाचे पेढे वाटले गेले ते आमचं दार सोडून. बायकोने घरीच बेसनाचे लाडू वळले आणि सगळ्या मजल्यांवर ताट फिरवून आली. तिचाही स्वभाव काही कमी नाही.

वरिष्ठांनी शब्द पाळला. माझी बदली हातगाडीवाले आणि फेरीवाले यांच्या खटल्यांवर झाली. तिथे मी पुढची बरीच वर्षं काढली, आणि सांगतो, मजेत काढली.

बदलीच्या जागी जायच्या आधी, फायली आवरत होतो तेव्हा भागीरथी आली. निर्दोष हा शब्द वाचून लेबर ऑफिसरने तिला कामावर घेतलं होतं. मला वाटलं, आभार मानायला आली असेल.

"उद्यापासून दुपारची पाळी हा," ती म्हणाली. "जेवाण कशातून नेव? माझो डबो देवा."

आता हिला काय सांगणार? कागदोपत्री डबा नव्हताच. जी वस्तू जप्त केलेली नाही ती परत कुठल्या हुकमाने द्यायची? मी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि मोहितेंना निरोप धाडला, डबा घेऊन या, नाहीतर मी चौकीत येऊन सगळ्यांदेखत मागेन.

दुसऱ्या दिवशी मोहिते आले, वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा काखेत. चौकीच्या फळीवर तो इतकी वर्षं पडून होता, आत टाचण्या ठेवत होते. टाचण्या काढून त्यांनी तो चिंचेने घासून आणला होता. भागीरथीने डबा हातात घेतला, नवऱ्याच्या नावावरून अंगठा फिरवला, मग डबा उलटा केला. बुडाला चांगलाच पोचा होता. तो तिने उजेडात धरून पाहिला.

"बरो लागललो मां, हवालदारानू?"

मोहितेंचा हात आपोआप कानशिलाकडे गेला. "लागला होता बाई," ते म्हणाले.

सरकारी वकिलाच्या टेबलासमोर, जखमी हवालदाराच्या साक्षीने, बाईने सरळ सरळ कबुली दिली होती. हाच शब्द डिस्चार्ज घेतलेल्या माणसाच्या तोंडून आला असता तर तो अंगाशी येऊ शकला असता. पण ही निर्दोष सुटली होती, आणि दगड म्हणा की डबा, घटना तीच, गुन्हा तोच. त्या डब्याबद्दल तिला या जगातलं कुठलंही कोर्ट आता बोलवू शकत नव्हतं, म्हणून मीही मनात असलेलं विचारून घेतलं.

"बाई, नेम धरून मारला होता की आपला असाच?"

"नेम धरान," भागीरथी म्हणाली, आणि पाळीची वेळ झाली म्हणून डबा घेऊन निघून गेली.